इसिडोरच्या डोक्यावरची भातलावणी

मरोळ गावठाणातल्या इसिडोरला भुताची भीती नव्हती, सापाची नव्हती, कारखान्यातल्या ज्या प्रेसवर तो दिवसभर वॉशर पाडायचा तिच्याखाली बोटं सापडायचीही नव्हती. त्याला भीती होती वाऱ्याची. हसू नका. अठ्ठाविसाव्या वर्षी ज्याच्या डोक्याचा पुढचा आणि वरचा भाग साफ झालाय, आणि जो डाव्या कानावरचे केस वीतभर वाढवून, वर क्रीम थापून, उजव्या कानापर्यंत आडवे नेतो, त्याला विचारा वारा म्हणजे काय चीज असते ती.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तो कांजूरच्या ऑलिव्हला बघायला गेला तोसुद्धा असेच आडवे केस चोपून. ऑलिव्ह टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. बोलायला चटपटीत, नजर सरळ, समोरच्याने चहा सांडला तर तो पुसायला फडकं त्याच्याच हातात देणारी. तिच्या बापाने पाहुण्यांसाठी पंखा लावला, तर हा म्हणतो कसा, "नको नको, मला सर्दी झालीय." मे महिन्यात! शर्ट घामाने पाठीला चिकटलेला आणि म्हणे सर्दी. पण होकार आला. ऑलिव्ह त्यालाही अशी आवडली की कांजूरहून मरोळला येईपर्यंत गडी एकटाच गालात हसत होता.

घरी आरशासमोर उभा राहिला आणि हसू गेलं ते गेलंच. लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं, ईस्टरपूर्वीच्या उपासाचा काळ लागायच्या आधी. लग्नानंतर एक खोली, एका उशीशेजारी दुसरी उशी. तिथे कुठलं क्रीम आणि कुठली टोपी? सकाळी ती डोळे उघडणार, ते वीतभर केस एका बाजूला लोंबत असणार, आणि ती म्हणणार, "फसवलंस मला." हे वाक्य इसिडोरला तिच्या आवाजात ऐकू यायला लागलं. प्रेसवर ऐकू येई, जेवताना ऐकू येई. घास घशाखाली उतरेना.

"आय, मी तिला सांगून टाकू?" त्याने आईला विचारलं.

"वेडा झालास काय?" बेटीबाय म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा लग्न लागलं की कोण बघतंय डोकं?"

आईला काय, तिच्या नवऱ्याचं डोकं साठीतही काळंभोर होतं.

मग कारखान्यातल्या माणिकने बातमी आणली. जुहूला एक डॉक्टर आलाय, परदेशातून शिकून, डोक्यामागचे केस कातडीसकट काढतो आणि पुढे लावतो. लावलेले केस जन्मभर टिकतात. इसिडोरने ते ऐकलं आणि त्या दिवशी सत्तर वॉशर वाकडे पाडले.

घरी सांगितलं तेव्हा बापूस इग्नेशियस नेमका शेतातून येत होता. इग्नेशियसची बहुतेक जमीन सरकारी कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. गावठाणामागे भाताचा एक पट्टा तेवढा उरलेला, आणि म्हातारा त्या पट्ट्याला असा जपायचा की विचारू नका. जुलै महिना. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत रोपांची पेंडी.

"मागचे काढून पुढे लावतो?" तो दारातच थांबला. "अरे, मग ही लावणीच की रे! राबात रोपं दाट असतात, ती उपटायची आणि वाफ्यात अंतर ठेवून दोन-दोन, तीन-तीन काड्यांचा चूड रोवायचा. आज बघशील तर सगळीकडे पाणीच दिसेल. आणि दीड महिन्याने? एकेका चुडाला पंधरा-पंधरा, वीस-वीस फुटवे. जमीन दिसते का कुठे? सांग ना, दिसते?"

"नाही दिसत, पापा."

"मग झालं तर!"

झालं तर! डोक्याचा निकाल भाताच्या वाफ्यात लागला. पण म्हाताऱ्याच्या आवाजात असा काही भरवसा होता की इसिडोरला दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

डॉक्टर चंद्रप्रकाश यांच्या दवाखान्यात बाप-लेक दोघंही गेले. खोलीत पंखा गरगरत होता. इसिडोरने टोपी काढली आणि सगळे आडवे केस उठून डाव्या खांद्यावर येऊन पडले. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि खुर्चीसकट आपल्याला आत घ्यावं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी उजेडात डोकं फिरवून फिरवून बघितलं, मागची कातडी बोटांनी दाबून बघितली आणि विचारलं, "तुमची अपेक्षा काय आहे?"

इसिडोरने खिशातून फोटो काढला. बाविसाव्या वर्षीचा, स्टुडिओतला, कपाळावर झुलपं. "असं."

"असं होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आधीच सांगतो, म्हणजे मागाहून शिव्या नकोत. पेन्सिलीच्या टोकाला रबर असतं ना, तेवढी गोल चकती मी मागून काढतो. तिच्यात दहा-बारा केस असतात. ती पुढे लावतो. पण चकत्या एकमेकींना चिकटून लावता येत नाहीत, मध्ये जागा सोडावी लागते, नाहीतर रक्त पोचत नाही आणि चकती मरते. एका खेपेला पन्नास. मग चार-चार महिने थांबून मधल्या जागा भरायच्या, अशा आणखी तीन खेपा. दीड-दोन वर्षं धरा. इतकं केलं की कपाळावर केसांची ओळ येईल, चेहऱ्याला चौकट येईल. दाट येणार नाहीत. आणि टाळू उघडीच राहील."

"टाळू का उघडी?"

"माल तेवढाच आहे म्हणून. पलंग दोघांचा आहे आणि चादर एकट्याची. इकडे ओढली की तिकडे उघडं पडणार. मी चादर मोठी करू शकत नाही, कुठे पांघरायची तेवढं ठरवू शकतो."

इतकं स्पष्ट कोण सांगतं हो? पण इसिडोरच्या कानात शिरलं ते एवढंच, दीड-दोन वर्षं. त्याच्याकडे होते सात महिने. त्याने बापाकडे बघितलं, तर बापूस शांत. दवाखान्याबाहेर पडल्यावर इग्नेशियस म्हणाला, "बोलू दे त्याला. शहरातला माणूस, त्याने वाफा कधी बघितलाय? पन्नास चूड लावणार ना तो? मग! फुटवे आले की आपोआप भरतंय सगळं. दुसऱ्या खेपेची गरजच नाही."

"पण फुटव्यांचं त्याला विचारायला पाहिजे होतं ना, पापा?"

"काय विचारायचं? भाताला फुटवे येतात का, असं कुणी विचारतं? लोक हसतील."

आणि विचारलं नाही. सगळी गोम इथेच. बरं, म्हातारा शेतकरी, त्याचं सोडा. पण हा इसिडोर! रोज पत्र्यातून वॉशर पाडणारा माणूस. वॉशर निघाला की पत्र्याला भोक राहतं, ते भोक काही दुसऱ्या दिवशी भरून येत नाही, आणि एका वॉशरचे वीस वॉशर होत नाहीत, हे त्याच्याइतकं मरोळात कुणाला ठाऊक होतं? पण माणसाच्या मनात भीती शिरली की अक्कल मागच्या दाराने बाहेर पडते. त्याला फुटवे हवे होते, म्हणून त्याने फुटव्यांवर विश्वास ठेवला.

जुलै संपता संपता काम झालं. आधी नर्सने कात्री घेतली आणि ती वीतभर वाढवलेली बट कानापाशी कापून टाकली. कच्चकन आवाज आला. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. मग पालथं झोपवलं. सुया टोचल्या, कातडी बधिर झाली, पण आवाज कुठे बधिर होतो? डॉक्टरांच्या बोटांत पोकळ, धारदार नळी होती. ती टेकवून फिरवली की कवटीच्या आतून कर्रर असं ऐकू यायचं. एक. कर्रर. दोन. बारापर्यंत त्याने मोजलं, मग तो मनात देवाच्या आईची प्रार्थना म्हणायला लागला आणि तीही अर्ध्यात विसरला. मानेवरून काहीतरी कोमट ओघळत होतं. ते काय आहे ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने डोळे उघडलेच नाहीत.

पट्टी सुटली, खपल्या धरल्या. कपाळावर पन्नास काळे ठिपके, त्यांतून आखूड केस वर आलेले. बेटीबायने आनंदाने मेणबत्ती लावली. बापूस दारातल्या उजेडात त्याला बसवून शेतावरच्या नजरेने बघायचा आणि म्हणायचा, "धरलंय, धरलंय." ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी इसिडोर तोंड धुवायला बसला आणि ओल्या तळहातावर केस आले. तीन-चार नाही, झुबकाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवसांत लावलेलं सगळं गेलं. पुढे पूर्वीसारखंच तुळतुळीत, वर पन्नास वण, आणि आता तर ओढून घ्यायला आडवी बटही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

"लावलेले केस आधी गळतात, चार महिन्यांनी नवे उगवतात," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं खरं, पण आता ते त्याला आठवेना. एकटा बसला की त्याला तो आवाज यायचा, "फसवलंस मला." ऑलिव्हची पत्रं यायची. "भेटायला का येत नाहीस? पावसात विरघळतोस का?" तो लिहायचा, डबल पाळी आहे. पुढच्या पत्राला, आय आजारी आहे. धडधाकट बेटीबायला त्याने त्या पावसाळ्यात तीनदा आजारी पाडलं. घराबाहेर पडताना टोपी कानापर्यंत ओढायची. चर्चमध्ये तर पुरुषाला टोपी काढावीच लागते, म्हणून मिस्साची उपासना सुरू झाल्यावर शिरायचं, खांबाआड उभं राहायचं आणि शेवटच्या आशीर्वादाआधी पळायचं. चोरसुद्धा इतका चोरून येत नाही.

बापूस तेवढा डगमगला नाही. "रोप उपटून लावलं की आधी पिवळं पडतंच. मुळं धरू दे."

नोव्हेंबरात खरंच उगवले. बोट फिरवलं की खरखर लागायची. डिसेंबरात चांगले बोटाच्या पेराएवढे झाले. पण झाले कसे? पन्नास ठिपक्यांतून पन्नास झुबके, ताठ, कपडे धुवायच्या ब्रशासारखे, आणि दर दोन झुबक्यांच्या मध्ये पांढरी, चकचकीत कातडी. लांबून बघितलं तर कुणी डोक्यात खुंट्या ठोकल्यात असं वाटायचं. इग्नेशियस दर रविवारी मिस्सानंतर झुबक्यांमधली जागा बोटाने चाचपून बघायचा. "फुटतील. अजून फुटतील," म्हणायचा. पण नाताळ झाला, नवं साल लागलं, आणि म्हाताऱ्याचं बोट थांबायला लागलं. "फुटतील" हा शब्द त्याच्या तोंडून यायचा बंद झाला, आणि तो बंद झालेला इसिडोरला जास्त भयंकर वाटला.

जानेवारीत चर्चमध्ये नावं वाचायला सुरुवात झाली. लग्न ठरलेल्या जोडप्याची नावं तीन रविवार लोकांसमोर वाचतात, दोन्ही गावांत. कुणाची काही हरकत असेल तर तीन रविवारांत सांगायची. एक रविवार गेला. दुसरा गेला. खांबाआड उभं राहून इसिडोरने आपलं नाव ऐकलं आणि त्याला घाम फुटला. सोमवारी तो बापाला घेऊन जुहूला गेला.

"डॉक्टर, फुटवे कधी येणार?" इग्नेशियसने खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं.

"कसले फुटवे?"

म्हाताऱ्याने हातवारे करून सांगितलं. राब, चूड, दीड महिना, जमीन दिसत नाही. डॉक्टर ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"काका," डॉक्टर म्हणाले, "केसाला फुटवा येत नाही. एका मुळाला एक केस, बस. दहा लावले तर दहा, त्यातलेही दोन मरतात. या डोक्यावर पूर्वी लाखभर केस होते, मी लावलेत पाचशे. पाचशेच राहणार."

"मग आणखी लावा!" इसिडोर ओरडलाच. "उद्या लावा. दोनशे चकत्या काढा, तीनशे काढा, मागचं सगळं काढा!"

"आणि तीन आठवड्यांनी लग्नाला पट्टी बांधून उभे राहणार? लावलेले महिन्याभरात गळणार, चार महिन्यांनी उगवणार. तुम्हाला सांगितलं होतं मी." डॉक्टरांनी आरसा आणला, दुसरा आरसा मागे धरला आणि मागचे वाढलेले केस वर उचलले. इसिडोरने आपल्या डोक्याची ती बाजू कधी बघितलीच नव्हती. रांगेने पांढरे, गोल, गुळगुळीत डाग. त्याच्या प्रेसखालून निघालेला पत्रा. "इथून जे काढलं ते इथे परत येत नाही. उगाच सगळं ओरबाडलं तर पुढेही नाही आणि मागेही नाही."

"राब रिकामा झाला की आम्ही पुढल्या साली परत पेरतो," इग्नेशियस हळू आवाजात म्हणाला.

"इथे परत पेरता येत नाही, काका. हे एकदाच पेरलेलं असतं."

गावठाणात शिरल्यावर घरी न जाता म्हातारा कापून झालेल्या पट्ट्याच्या बांधावर जाऊन बसला. इसिडोर शेजारी उभा राहिला.

"मी शेत बघून बोललो रे," इग्नेशियस म्हणाला. "डोकं बघून नाही बोललो. तुझी वाट लावली मी." त्याचे डोळे भरून आले होते. साठ वर्षांच्या बापाला रडताना बघून इसिडोरला आणखीच भीती वाटली. घरात ज्याच्यावर विसंबायचं तोच असा खचलेला.

गुरुवारी दुपारी तो कांजूरला गेला. कुणाला सांगितलं नाही. आईला कळलं असतं तर तिने दाराला कडी घातली असती. ऑलिव्हची सकाळची पाळी होती, ती घरी यायच्या वाटेवर, गावठाणातल्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, तो उभा राहिला. पळून जावं असं तीनदा वाटलं आणि एकदा तो वीस पावलं गेलासुद्धा. तेवढ्यात ती आली.

"अरे! जिवंत आहेस?" ती हसली. "आय बरी झाली वाटतं."

"आयला काही झालं नव्हतं," इसिडोर म्हणाला आणि टोपी काढली. मग मान खाली घालून मागचे केसही वर उचलले, सगळंच दिसू दे म्हणून. "मला टक्कल आहे. तुझ्या घरी आलो तेव्हाही होतं. कानावरचे केस ओढून घेतले होते. मग हे करून घेतलं. हे आता असंच राहणार. दाट होणार नाही."

ती हसेल, असं त्याला वाटलं होतं. ओरडेल, असं वाटलं होतं. ती त्याच्याभोवती एक फेरी फिरून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही भोकं पाडून घेतलीस? शुद्धीत असताना?"

"हो."

"कशासाठी?"

"तू नाही म्हणशील म्हणून."

"मला विचारलंस?" आता ती भडकली. "एकदा तरी विचारलंस? माझ्या बापालाही टक्कल आहे, माझ्या काकाला आहे. टक्कल नको असतं तर तोंडावर नको म्हटलं असतं मी, मला काय तोंड नाही? पाच महिने मी तुझ्या आजारी आयसाठी प्रार्थना करतेय, गाढवा!"

इसिडोरने हातातली टोपी चुरगाळली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच कापत होता. "टकलाची नाही. तुझी. आज डोकं लपवलंस, उद्या पगार लपवशील, दुखणं लपवशील. मी रोज सकाळी उठून काय शोधत बसू?" ती दोन पावलं गेली आणि परत वळली. मग म्हणाली, "हे बघ, मी काही संत नाही. लग्नाच्या दिवशी माझ्या माणसांनी तुझ्याकडे बघून कुजबुजलेलं मला चालणार नाही, मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. बघायचं ते आधीच बघू दे त्यांना. रविवारी आमच्या चर्चमध्ये ये. न्हाव्याकडे जाऊन सगळं बारीक करून ये, मागचंही. टोपी आणू नकोस. पहिल्या बाकावर बस."

"पहिल्या?"

"पहिल्या. खांबाबिंबाच्या आड नाही. आलास तर बघू. नाही आलास, तर मिस्साच्या आधी मी फादरना सांगेन, तिसऱ्यांदा वाचू नका म्हणून."

"आणि आलो तर?"

"बघू म्हटलं ना!" आणि ती गेली.

शुक्रवार-शनिवार इसिडोरने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. मरोळच्या न्हाव्याने मागचे केस उतरवले आणि वस्तरा खाली ठेवून विचारलं, "कुणी मारलं काय रे तुला?" रविवारी घरातून निघताना आईने टोपी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. कांजूरपर्यंत जे जे भेटलं ते वळून बघत होतं. त्याला वाटत होतं, डोक्यावर ऊन नाही, डोळे पडताहेत.

कांजूरच्या चर्चमध्ये अजून जुनी रीत होती, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. इसिडोर मधल्या वाटेने चालत गेला. मागे एकेका बाकावरचं बोलणं थांबत होतं ते त्याला कळत होतं. पहिल्या बाकावर कोणी नव्हतं, दुसऱ्यावरही नव्हतं. तो बसला. पाय इतके लटपटत होते की बाक वाजायला लागला, म्हणून त्याने गुडघे हातांनी दाबून धरले. कुणीतरी "चाळणी" म्हणालं. कुणीतरी खुसखुसलं. पुढून बघणारा निदान समोर तरी दिसतो. हे सगळे मागे होते, आणि मागचं डोकं झाकायला माणसाला तिसरा हात नसतो.

तेवढ्यात वेदीशेजारचं, फादरांच्या खोलीचं दार उघडलं आणि ऑलिव्ह बाहेर आली.

तिने इसिडोरकडे बघितलंही नाही. सरळ जाऊन ती बायकांच्या बाजूला आईशेजारी बसली. म्हणजे सांगून आली! तो आला की नाही हे न बघताच सांगून आली. मिस्सा सुरू झाली, लोक उठले तसा तो उठला, बसले तसा बसला, प्रवचनातला एक शब्द त्याच्या डोक्यात शिरला नाही. उठून निघून जावं असं त्याला सारखं वाटत होतं, पण निघायचं तर या सगळ्या डोळ्यांसमोरून परत चालत जायला लागणार होतं.

प्रवचन संपलं. फादरनी कागद हातात घेतला. पहिलं जोडपं, भांडुपचा नवरा, कांजूरची नवरी. दुसरं जोडपं, दोन्ही कांजूरचीच. फादरनी कागद खाली ठेवला, आणि इसिडोरने डोळे मिटले. झालं. संपलं. फादरनी चष्मा पुसला, कागद परत उचलला आणि एवढ्या खणखणीत आवाजात वाचलं की शेवटच्या बाकावरची म्हातारीही दचकली असेल.

"मरोळचा इसिडोर, इग्नेशियस आणि बेटी यांचा मुलगा, आणि याच गावची ऑलिव्ह. तिसऱ्यांदा आणि शेवटचं. कुणाची हरकत असेल तर बोला."

कोणी बोललं नाही. पण मागून पुन्हा कुजबुज उठली, पुन्हा कुणी खुसखुसलं, आणि मग चपलांचा आवाज आला. बायकांच्या बाजूकडून. मधली वाट ओलांडून. आवाज अगदी त्याच्या पाठीशी येऊन थांबला आणि मागच्या रिकाम्या बाकावर कुणीतरी बसलं. कोण जवळून बघायला आलंय, या विचाराने इसिडोरच्या मानेवर काटा आला. अख्ख्या चर्चमध्ये सुई पडली तरी ऐकू आलं असतं. पुरुषांच्या बाजूला, लग्नाआधी, अख्ख्या गावासमोर!

"फादर फार हळू वाचतात," मागून ऑलिव्ह कानाशी पुटपुटली. "जरा मोठ्याने वाचा, म्हणून सांगायला गेले होते."

ती मिस्सा संपेपर्यंत तिथेच बसून राहिली, ताठ, त्याच्या डोक्याच्या आणि गावाच्या मध्ये. मागच्या लोकांना आता फक्त तिचा अंबाडा दिसत होता. इसिडोरने गुडघ्यावरचे हात सोडले. बाक वाजायचा थांबला होता.